शब्द नाहीत म्हणून घाबरू नकोस

प्रिय पोरी,

ख्रिस्तात सलाम.

तुझे शब्दांविना, नुसत्या गिटारवर वाजवलेले सातही ट्रॅक ऐकले. आधी मोबाइलवर, मग रात्री घरचे झोपल्यावर हेडफोन लावून. सोबतची चिठ्ठीही वाचली. युवक संघात कुणीतरी म्हणालं, "गिटार छान आहे गं, पण यात प्रभू कुठे आहे?" आणि तेव्हापासून तुझ्या मनाने घेतलंय की प्रत्येक ट्रॅकच्या सुरुवातीला बायबलमधलं एकेक वचन वाचून टाकायचं, मागे भरपूर रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला घुमारा, लावून.

जरा थांब.

फिल केगी, तो अमेरिकन ख्रिस्ती गिटारवादक, तुला ठाऊक आहे. रॉक गिटारचा बादशहा जिमी हेंड्रिक्सचा तो किस्सा तूच मला पाठवला होतास: "सर्वोत्तम गिटारवादक म्हणून कसं वाटतं?" असं विचारल्यावर हेंड्रिक्स म्हणाला म्हणे, ते फिल केगीला विचारा. ही नुसती वावडी आहे, आणि खुद्द केगीनेच ती नाकारली आहे. त्याच्या ग्लास हार्प बँडची पहिली रेकॉर्ड झाली हेंड्रिक्सच्या न्यूयॉर्कमधल्या स्टुडिओत, पण तोवर हेंड्रिक्स वारला होता. खरी गोष्ट या वावडीपेक्षा मोठी आहे. अमेरिकेतल्या ओहायोत, चार वर्षांचा असताना, पाण्याच्या पंपात केगीचं उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं गेलं. म्हणजे तार छेडणारा हात. करंगळी पोचत नाही म्हणून तू माझ्याकडे कुरकुर करतेस ना, तेव्हा मला हेच आठवतं. असो.

१९७० साली त्याची आई अपघातात गेली आणि त्याच दिवसांत तो विश्वासात आला. १९७३ च्या पहिल्या सोलो अल्बममध्ये तो गायला, वाद्यंही सगळी स्वतःच वाजवली. गळा उत्तम, गाणी लोकांना आवडणारी. अशा माणसाने १९७८ मध्ये एक अख्खा अल्बम वाद्यसंगीताचा काढला. ज्या श्रोत्यांना गाण्यात साक्ष ऐकायची सवय, त्यांच्यासमोर ही हिंमतच म्हणायची. तुझ्या युवक संघातला प्रश्न त्यालाही कुणीतरी विचारला असणारच.

पण मला तुझ्याशी बोलायचंय ते त्याच्या १९९१ च्या 'बियाँड नेचर' या अल्बमबद्दल. अकूस्टिक गिटार पुढे, बाकी सगळं तिच्या मागे. आज ऐकण्याआधी एक काम कर. फक्त ट्रॅकची नावं वहीत उतरवून घे. 'काउंटी डाउन'. 'अ‍ॅडिसन्स वॉक'. 'ब्रदर जॅक'. आता सांग, हा जॅक कोण?

सी. एस. लुईस, 'नार्निया'च्या गोष्टी लिहिणारा. बेलफास्टचा माणूस, घरचे नि मित्र त्याला जॅकच म्हणत. काउंटी डाउन हा त्याच्या लहानपणचा मुलूख. आणि अ‍ॅडिसन्स वॉक ही ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजमधली झाडांखालून जाणारी पायवाट. १९३१ च्या सप्टेंबरात एका रात्री लुईस आणि त्याचे मित्र टॉल्किन नि ह्यूगो डायसन तिथे फेऱ्या मारत पुराणकथांवर बोलत होते. हवा उबदार, पान हलत नव्हतं. मधेच एकाएकी वाऱ्याचा झोत आला आणि इतकी पानं टपटपली की तिघांना वाटलं पाऊस आला. लुईसने हे दुसऱ्या एका मित्राला पत्रात लिहून ठेवलंय. पुढे काही दिवसांतच तो ख्रिस्ती विश्वासापर्यंत येऊन पोचला.

याच अल्बमवर 'आय फील द विंड्स ऑफ गॉड टुडे' नावाचा ट्रॅक आहे. ते मुळात विसाव्या शतकाच्या आरंभीचं उपासनागीत. तो वारा आणि हा वारा केगीने मुद्दाम जुळवला का? तो माझा तर्क, पुरावा काही नाही. पण बघ, एकही शब्द न उच्चारता त्याने मला ऑक्सफर्डच्या त्या झाडांखाली नेऊन उभं केलं. फक्त नावांच्या बळावर.

आणि तुझ्या ट्रॅकची नावं काय? 'वर्शिप वन', 'वर्शिप टू', 'पीस'. अगं, ही नावं नाहीत, फाइलींवरची लेबलं आहेत! तिसरा ट्रॅक आजीच्या गावच्या विहिरीवर सुचला असं तू मला सांगितलं होतंस. मग विहीर कुठे गेली?

दुसरी गोष्ट. आपल्याकडे प्रभुभोजनाच्या वेळी मी पेटीवर रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या एखाद्या पदाची नुसती चाल धरतो. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या आजी डोळे मिटून बसलेल्या असतात, आणि दुसऱ्या ओळीला त्यांचे ओठ हलू लागतात. शब्द त्यांचे त्यांच्यापाशी आहेत, मी फक्त दार उघडलेलं. नव्या चालीला ही सोय नसते. तिच्यामागे कुणाच्या आठवणीतले शब्द नाहीत, म्हणून तुला भीती वाटते आणि तू वचनाची काठी शोधतेस. त्यापेक्षा सातांत एक जुनी चाल घे, अर्ध्याच्या पुढे कुठेतरी. ऐकणाऱ्याला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होईल, आणि उरलेले ट्रॅक तो वेगळ्या कानांनी ऐकेल.

वचनं वाचण्याचा प्रयोग मी करून बसलोय, म्हणून इतकं ठामपणे सांगतो. ऐन तारुण्यात एक कॅसेट काढली होती. बासरी, पेटी, वर माझा खर्जातला आवाज. लोकांनी एकदा ऐकली, "छान" म्हणाले, नि ठेवून दिली. दुसऱ्यांदा ऐकताना तो आवाज नको होतो, पण तो काढता येत नाही. वचन लिहायचंच असेल तर अल्बमच्या कव्हरच्या आतल्या पानावर लिही. तिथे ज्याला हवं तो वाचेल.

बाकी किरकोळ. पाचव्यात भरधाव वाजवलंयस ते बोटांना शाबासकी मिळावी म्हणून, हे कळतं. निम्मं काप. सहाव्यात शेवटचा सूर विरायच्या आतच तू रेकॉर्डिंग बंद केलंस, खुर्चीची करकरसुद्धा ऐकू येते. तो परत घे, आणि या वेळी तार दाबलेलं बोट तसंच ठेवून दहापर्यंत मोज.

युवक संघातल्या त्या मुलावर रागावू नकोस. त्याला तिसरा ट्रॅक एकदा विहिरीच्या नावासकट ऐकव.

गुरुवारी संध्याकाळी तालमीआधी ये. गिटार आण, आणि सात नवी नावं लिहून आण. डब्यात काही असेल तर तेही.

तुझे सर