शब्दचर्चा : ‘हिस्पॅनिक समाजाचा मेळावा’ चालेल का?

शिकागोतल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. त्यांच्या वॉर्डात भरणाऱ्या एका सभेचे इंग्रजी-स्पॅनिश पत्रक त्यांना मंडळाच्या मराठी वार्तापत्रात द्यायचे आहे. पत्रकाचा मथळा ‘हिस्पॅनिक कम्युनिटी टाउन हॉल : इश्यूज फेसिंग अवर रेसिडेंट्स’, आणि त्याखाली स्पॅनिशमध्ये ‘हुंता कोमुनितारिया’. त्यांनी केलेले भाषांतर असे : ‘हिस्पॅनिक समाजाचा मेळावा – आपल्या नागरिकांना भेडसावणाऱ्या समस्या’. विचारणा एवढीच, की ‘हिस्पॅनिक’ला मराठी प्रतिशब्द कोणता आणि त्याऐवजी ‘लॅटिनो’ लिहिले तर चालेल का.

उत्तर आधी देऊन टाकतो. प्रतिशब्द नाही आणि शोधूही नये. ‘हिस्पॅनिक’ तसाच ठेवा. या मथळ्यातला सर्वांत निरुपद्रवी शब्द तोच आहे. घोटाळा केलाय तो घरच्या वाटणाऱ्या शब्दांनी : समाज, मेळावा, आपल्या, नागरिक. पण विचारलेले आधी.

‘हिस्पॅनिक’चे मूळ ‘हिस्पानिया’, म्हणजे रोमन लोकांनी आयबेरियन द्वीपकल्पाला दिलेले नाव. आजचा अमेरिकी अर्थ मात्र सरकारी दफ्तरात घडला. 1977च्या केंद्रीय निर्देशात व्याख्या आली : मेक्सिकन, प्वेर्तो रिकन, क्यूबन, मध्य किंवा दक्षिण अमेरिकी अथवा अन्य स्पॅनिश संस्कृती वा मूळ असलेली व्यक्ती, मग तिचा वंश कोणताही असो. 1980च्या जनगणनेत हा प्रश्न प्रत्येक घराला विचारला गेला. 1997मध्ये निर्देश सुधारला आणि ‘हिस्पॅनिक किंवा लॅटिनो’ अशी जोडी झाली. सरकारी कागदात तेव्हापासून दोन्ही एकच.

बोलण्यात फरक उरतोच. ‘लॅटिनो’ हे ‘लातिनोआमेरिकानो’चे आखूड रूप, म्हणून त्याचा ओढा प्रदेशाकडे, ‘हिस्पॅनिक’चा स्पेन आणि स्पॅनिशकडे. त्यामुळे ब्राझीलचा माणूस लॅटिनो म्हणवतो पण सहसा हिस्पॅनिक नाही, आणि माद्रिदचा माणूस हिस्पॅनिक असला तरी लॅटिनो नाही. मराठी वाचकाचा पाय इथे हमखास घसरतो, कारण गोवा आणि वसईमुळे आपला संबंध पोर्तुगिजांशी आला. पाव, पगार हे शब्द पोर्तुगीज वाटेने आले. स्पॅनिश बोलणारा ‘पगार’ ऐकून चमकेल हे खरे (त्याच्याकडे ते ‘पैसे देणे’ या अर्थाचे क्रियापद आहे), पण तेवढ्यावरून दोघांना एका पंगतीत बसवता येत नाही. पत्रकात ‘हिस्पॅनिक’ असेल तर हिस्पॅनिक लिहा, ‘लॅटिनो’ असेल तर लॅटिनो. आयोजकांनी निवडलेला शब्द भाषांतरकाराने बदलू नये. ‘लॅटिनेक्स’ हा लिंगनिरपेक्ष शब्द वाचनात येईल. तोही मुळात असेल तरच घ्यावा, कारण प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या 2024मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तो स्वतःसाठी वापरणारे लॅटिनो प्रौढ 4 टक्केच निघाले.

‘स्पॅनिश लोक’ मात्र लिहू नका, ते स्पेनचे. ‘स्पॅनिश भाषक’ही नेमके नाही. तिसऱ्या पिढीतल्या अनेकांना इंग्रजीच येते, आणि ग्वातेमालाहून आलेल्या काहींची मातृभाषा किचे किंवा दुसरी एखादी माया भाषा असते. त्यांच्यासाठी स्पॅनिश ही आपल्याकडच्या भिल्ली बोलणाऱ्याला मराठी असावी तशी, शिकून घेतलेली.

वृत्तपत्रांत ‘हिस्पॅनिक वंशाचे’ असे सर्रास येते. ते अर्धे बरोबर आहे. मराठीत ‘वंश’ दोन कामे करतो. ‘भारतीय वंशाचे खासदार’ म्हणताना तो नुसते मूळ सांगतो. ‘वंशभेद’ म्हणताना वर्णाकडे जातो. म्हणून एकट्या वाक्यात ‘हिस्पॅनिक वंशाचे’ खपून जाते, पण शेजारी ‘श्वेतवर्णीय, कृष्णवर्णीय’ आले की वाचक त्याला तिसरा वंश समजतो. व्याख्येत तर ‘वंश कोणताही असो’ असे स्पष्ट आहे. काळा क्यूबन आणि गोरा अर्जेंटिनी दोघेही हिस्पॅनिक. त्याच निर्देशाच्या 2024च्या सुधारणेने वंश आणि मूळ हे दोन प्रश्न एकत्र केले, म्हणून पुढच्या आकडेवारीत ही रेघ आणखी पुसट होऊ शकते. ‘हिस्पॅनिक मूळ असलेले’ किंवा नुसते ‘हिस्पॅनिक’ ही वाट सुरक्षित.

आता ‘समाज’. मराठीत या शब्दाआधी जातीचे नाव लागते : आगरी समाज, लिंगायत समाज, अमुक समाज मंडळ. एक देवस्थान, एक वसतिगृह, वधूवर सूचक केंद्र असे सगळे त्यात गृहीत असते. ‘हिस्पॅनिक समाजाचा मेळावा’ वाचून अशा एकसंध गटाचे चित्र उभे राहते, आणि ‘मेळावा’ त्यावर दसरा मेळावा नाहीतर वधूवर मेळावा चढवतो. शिकागोचीच गोष्ट घ्या. शहरातले सुमारे 30 टक्के रहिवासी 2020च्या जनगणनेत हिस्पॅनिक होते. पिल्सन (नाव चेक वसाहतकऱ्यांचे, लोकसंख्या पुढे मेक्सिकन) आणि लिटल व्हिलेज हे भाग मेक्सिकन म्हणून ओळखले जातात. हम्बोल्ट पार्क प्वेर्तो रिकन, तिथे डिव्हिजन स्ट्रीटवर 1995पासून पोलादी झेंड्यांच्या दोन कमानी आहेत. या दोन गटांचा इतिहास, खाणे, बोलीतले शब्द, राजकारण वेगळे. ‘समुदाय’ थोडा कोरडा आहे खरा, पण त्यात जातीचा वास नाही. माझा कल तर दोन्ही टाळण्याकडे आहे. ‘हिस्पॅनिक रहिवासी’ म्हटले की काम भागते; इंग्रजीतले ‘कम्युनिटी’ प्रत्येक वेळी भाषांतरित करायलाच हवे असा नियम नाही.

‘टाउन हॉल’ हा खरा अवघड शब्द. आपल्याकडे ती इमारत असते : मुंबईत एशियाटिक सोसायटीची 1833 साली पुरी झालेली, कोल्हापुरात वस्तुसंग्रहालयाची. ‘हिस्पॅनिक टाउन हॉल’ म्हणजे हिस्पॅनिकांनी बांधलेले सभागृह असा अर्थ निघेल. ‘ग्रामसभा’ सुचवणारे भेटतात, पण ग्रामसभेला राज्यघटनेचा आधार आहे, गावच्या मतदारयादीतले लोकच तिचे सदस्य, आणि ती ठराव करते. अमेरिकेत तिच्याशी जुळते ते न्यू इंग्लंडमधले ‘टाउन मीटिंग’, जिथे गावचे मतदार अंदाजपत्रकावर हात वर करून मत देतात. ‘टाउन हॉल’मध्ये मतदान नसते, लोक विचारतात, पदाधिकारी उत्तरे देतात. मग ‘जनसुनावणी’? तिला कायदेशीर कार्यवृत्त आणि आक्षेपांची नोंद लागते. ‘जनता दरबार’मध्ये साहेब बसलेले आणि लोक अर्ज घेऊन रांगेत, म्हणजे नाते उलटे. ‘परिसंवाद’ म्हटले की वक्ते व्यासपीठावर आणि बाकीचे श्रोते. उरते साधी ‘खुली सभा’. ‘खुली’ या शब्दात कोणीही यावे आणि कोणीही बोलावे हे दोन्ही आहे.

पत्रकातला ‘हुंता’ हा आणखी एक खड्डा. आपण हाच शब्द इंग्रजीतून ‘जुंटा’ म्हणून घेतला आणि म्यानमारच्या सेनाधिकाऱ्यांना चिकटवला. स्पॅनिशमध्ये तो साधा ‘बैठक’ किंवा ‘मंडळ’ आहे. चिलीत दोन्ही अर्थ एकाच देशात नांदतात : 1968च्या कायद्याने मान्यता मिळालेल्या शेजाऱ्यांच्या संघटना ‘हुंता दे वेसिनोस’, आणि 1973मध्ये सत्ता बळकावणाऱ्या सैन्यप्रमुखांचे मंडळही ‘हुंता’च. (लॅटिनमधला ‘जोडणे’ या अर्थाचा जो धातू या शब्दाच्या मुळाशी आहे, तो संस्कृत ‘युज्’चा सख्खा भाऊ, म्हणजे हुंता आणि योग एकाच घरातले.) यंत्राने केलेल्या भाषांतरात ‘सामुदायिक लष्करी राजवट’ असे काही दिसले तर हसण्याआधी दुरुस्त करा. असाच ‘बारियो’. स्पॅनिशमध्ये तो निव्वळ शहराचा भाग. अमेरिकी इंग्रजीत गेल्यावर गरीब लॅटिनो मोहल्ला झाला. मराठी ‘वस्ती’चेही शहरात तसेच झाले आहे, म्हणून ‘परिसर’ किंवा ‘भाग’ लिहा.

आता सर्वांत महाग पडणारी चूक : ‘नागरिक’. मराठीत ‘परिसरातील नागरिकांनी नोंद घ्यावी’ म्हणताना कोणी पासपोर्ट तपासत नाही. अमेरिकेत मात्र नागरिक, कायम वास्तव्याचा परवाना म्हणजे ग्रीन कार्ड असलेला, तात्पुरत्या व्हिसावरचा आणि कोणताही परवाना नसलेला हे चार वेगळे कायदेशीर दर्जे आहेत. तिथल्या मराठी कुटुंबांना हे समजावून सांगायला नको. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरचा माणूस वर्षानुवर्षे रहिवासी असतो, नागरिक नसतो. शिकागोच्या स्थानिक शालेय परिषदांच्या निवडणुकीत नागरिक नसलेल्या पालकांना आणि रहिवाशांनाही मत देता येते. अशा सभेच्या सूचनेत ‘नागरिकांनी यावे’ छापले तर ज्याला हक्क आहे तोच घरी बसेल. म्हणून ‘रहिवासी’.

उलट बाजूने ‘स्थलांतरित’ हाही सरसकट लावू नये. प्वेर्तो रिकोचे लोक 1917पासून अमेरिकेचे नागरिक आहेत. सान हुआनहून शिकागोला येणे हे नागपूरहून पुण्याला येण्यासारखे. आणि 1848च्या ग्वादालुपे इदाल्गो तहाने मेक्सिकोचा मोठा प्रदेश अमेरिकेत गेला तेव्हा तिथले लोक जागच्या जागी राहिले, सीमाच त्यांच्या अंगावरून गेली. परवाना नसलेल्यांसाठी ‘घुसखोर’ हा भाषांतरकाराचा शब्द नव्हे, भाषणबाजांचा आहे. ‘कागदपत्रे नसलेले’ बरे, पण मराठी वाचकाला त्यातून जन्मदाखलाही नसलेला माणूस दिसतो. प्रत्यक्षात त्यांच्याकडे मेक्सिकोचा पासपोर्ट किंवा वकिलातीने दिलेले ओळखपत्र असू शकते. ‘वास्तव्याचा परवाना नसलेले’ हे लांब पण चोख आहे. आणि इंग्रजी कायद्यातला ‘एलियन’ म्हणजे परकीय व्यक्ती, परग्रहावरचा नव्हे. हे सांगावे लागते याचा दोष सिनेमांना.

‘आपल्या’कडे कोणाचेच लक्ष जात नाही. इंग्रजी ‘अवर’ किंवा स्पॅनिश ‘नुएस्त्रा’ ऐकणाऱ्याला आत घेतात की बाहेर ठेवतात ते सांगत नाहीत. मराठीला सांगावेच लागते, आपले की आमचे. मूळ पत्रकात हिस्पॅनिक माणूस हिस्पॅनिक माणसाशी बोलतो आहे, म्हणून तिथे ‘आपल्या’ शोभेल. पण मंडळाच्या वार्तापत्रात तेच ‘आपल्या रहिवाशांचे प्रश्न’ छापले, की वाचणाऱ्या जोशी-पाटलांना वाटेल सभा मराठी माणसांची. ‘आमच्या’ केले तर वार्तापत्राचे संपादकच हिस्पॅनिक ठरतात. सर्वनाम गाळा आणि नाव घाला.

‘समस्या’पेक्षा ‘प्रश्न’ बरा. घरभाडे, शाळा, बससेवा यांना समस्या म्हणण्यात उगाच डॉक्टरी सूर लागतो. मात्र अनेकवचन सांभाळा. ‘हिस्पॅनिकांचे प्रश्न’ म्हणजे त्यांच्यापुढचे प्रश्न. ‘हिस्पॅनिकांचा प्रश्न’ म्हटले की ‘सीमाप्रश्ना’सारखे होते आणि ती माणसेच प्रश्न बनतात. एका काना-मात्रेचा फरक.

थोडे लेखनाचे. ‘हिस्पॅनिक’मधले ‘नि’ ऱ्हस्व, ‘सामाजिक’सारखे. ‘रहिवासी’चे सामान्यरूप ‘रहिवाशा’, अनेकवचनी ‘रहिवाशांना, रहिवाशांचे’. ‘रहिवासींचे’ हे हिंदीच्या वळणाचे. ‘लॅटिनो’ ‘फोटो’सारखा चालवा : लॅटिनोंना, लॅटिनोंचे, एकटी स्त्री असेल तर ‘लॅटिना’. व्यक्तिनावे मात्र इंग्रजी उच्चाराने नकोत. स्पॅनिशमध्ये ‘ह’चे अक्षर मुके आणि ‘ज’चे अक्षर ‘ह’ : होसे, हुआन, हिमेनेस लिहा; जोस, जुआन नव्हे. (वक्ता स्वतः इंग्रजी उच्चार करत असेल तर त्याचाच धरा.) दोन आडनावे असली, समजा ‘लोपेस गार्सिया’, तर पहिले सहसा वडिलांचे, पुढच्या ओळीत नुसते ‘गार्सिया’ म्हणणे म्हणजे माणसाला आईच्या आडनावाने हाक मारणे. सभेत बोललेले तिथल्या तिथे सांगतो तो दुभाषी, पत्रक उतरवतो तो भाषांतरकार. इंग्रजी पत्रकात ‘इंटरप्रिटर’ची सोय लिहिली असेल तर ‘भाषांतराची सोय’ लिहू नका, लोक छापील कागद मागतील. आणि स्पॅनिश मजकुरातले ‘आसिस्तिर’ म्हणजे ‘हजर राहणे’. इंग्रजी ‘असिस्ट’वर जाऊन ‘मदत करा’ लिहिले तर वर्गणी मागितल्यासारखे होईल.

तेव्हा मथळा असा करा : ‘हिस्पॅनिक रहिवाशांपुढील प्रश्न : खुली सभा’. खाली एक ओळ : ‘वॉर्डाचे नगरसेवक उपस्थितांच्या प्रश्नांना उत्तरे देतील. कामकाज इंग्रजी व स्पॅनिशमध्ये. दुभाष्याची सोय आहे. प्रवेश सर्वांना.’ नगरसेवकांचे येणे आणि दुभाष्याची सोय मूळ पत्रकात असेल तरच ठेवा. त्यात ‘नागरिकत्वाविषयी विचारणा होणार नाही’ असे काही असेल, तर ते वाक्य गाळू नका आणि मऊही करू नका. अनेकजण ते वाचूनच यायचे की नाही हे ठरवतात.