वाचक विचारतात: घरी बांधलेले विमान आणि त्याचे पहिले उड्डाण

मागील अंकात सुट्या भागांच्या संचावरून बांधल्या जाणाऱ्या हलक्या विमानांविषयी एक टिपण छापले होते. त्यावर मराठवाड्यातून अपेक्षेपेक्षा बरीच अधिक पत्रे आली. त्यांपैकी काही प्रश्न थोडे संक्षिप्त करून येथे घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

आम्ही वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये काम करणारे चार मित्र आहोत. परदेशातून दोन आसनी, धातूच्या विमानाचा संच मागवून इथेच बांधावा असे मनात आहे. सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

सुरुवात कागदपत्रांपासून करावी, आणि तीही पैसे भरण्यापूर्वी. १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला आहे. त्याखाली विमानाची नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी हे दोन्ही विषय नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, अखत्यारीत येतात. कोणत्या प्रकारचे विमान, कोणते इंजिन, बांधणीच्या कोणत्या टप्प्यावर कोणती तपासणी आणि कोणत्या नोंदी, हे सर्व त्यांच्याकडून लेखी घेऊन मगच संच मागवावा. पंख एकदा रिव्हेट करून बंद झाला की आतल्या जोडांची तपासणी कोणालाच करता येत नाही. म्हणून छायाचित्रांसह रोजची नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवावी. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान लोकांनी २०१६ मध्ये पाहिले, त्याची नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली. हा क्रम आणि त्यात गेलेली वर्षे लक्षात घेऊनच घरच्यांना तारीख सांगावी.

कामाच्या वेळेचे म्हणाल, तर धातूच्या दोन आसनी विमानाच्या साध्या संचाला साधारणपणे हजार ते दोन हजार तास लागतात. चौघे असलात तरी तो आकडा चारने भागू नये. एका पंखावर एका वेळी दोघांचेच हात चालतात.

संचासोबत आलेले काही बोल्ट हरवले तर त्याच मापाचे बोल्ट इथल्या बाजारातून घेतले तर चालतील का? आमच्याकडे ८.८ ग्रेडचे उत्तम बोल्ट मिळतात.
— तेच वाचक

चालणार नाहीत, आणि त्याचे कारण केवळ पोलादाच्या ताकदीत नाही. ताकदीच्या आकड्यांत ८.८ ग्रेडचा बोल्ट विमानाच्या सर्वसाधारण एएन मालिकेच्या (विमानांच्या सुट्या भागांचे एक अमेरिकी मानक) बोल्टपेक्षा थोडाच मागे आहे. खरा फरक आट्यांचा आहे. बाजारातील बोल्टवर आटे बहुधा बरेच वरपर्यंत कापलेले असतात. विमानाच्या बोल्टचा आट्यांशिवायचा गुळगुळीत भाग मात्र जोडल्या जाणाऱ्या पत्र्यांच्या एकूण जाडीइतका ठेवलेला असतो. आटे भोकाच्या आत राहिले की बोल्टवर येणारा कातरण्याचा ताण नेमक्या सर्वांत बारीक जागी पडतो, आणि आट्यांच्या धारा कानशीसारख्या भोकाच्या कडा खात राहतात. महिनाभरात काहीच दिसत नाही. दोनशे तासांच्या कंपनानंतर भोक लांबट झालेले असते.

टॉर्कच्या बाबतीतही टूलरूमची सवय थोडी बाजूला ठेवावी लागेल. ३/१६ इंच व्यासाच्या एएन३ बोल्टला साधारण २० ते २५ इंच-पौंड आणि पाव इंची एएन४ ला ५० ते ७० इंच-पौंड एवढाच टॉर्क द्यायचा असतो. मोठ्या पान्याने काम करणाऱ्या हाताला हे आकडे फार हलके वाटतात आणि तिथेच बोल्ट ताणला जातो. लहान मापाचा टॉर्क पाना विकत घ्यावा, तो तपासून घ्यावा, आणि घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर रंगाची रेघ ओढावी, म्हणजे तो सरकला तर रेघ तुटलेली दिसेल. ज्या जोडात बोल्ट फिरण्याची शक्यता आहे, उदाहरणार्थ नियंत्रणाच्या दांड्यांच्या टोकांना, तिथे नायलॉनच्या कड्याचा नट न वापरता खाचांचा नट आणि स्प्लिट पिन वापरतात.

रिव्हेटच्या बाबतीत तुमचा हात लवकर बसेल. ठोकून बसवलेल्या रिव्हेटचे तयार झालेले डोके मूळ व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मे उंच असावे, म्हणजे ३.२ मिलिमीटरच्या रिव्हेटला सुमारे ४.८ बाय १.६ मिलिमीटर. याचे गो-नोगो गेज, म्हणजे माप बसते की नाही एवढेच दाखवणारी पट्टी, तुम्ही दुपारच्या सुट्टीत बनवाल.

आमच्या भागात साखर कारखान्यांचे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते. विमानाचे इंजिन रोटॅक्स असेल तर पंपावरचे पेट्रोल चालेल, असे ऐकले. खरे का?
— एक वाचक, लातूर

अर्धे खरे आहे, आणि उरलेले अर्धे आपल्या जिल्ह्यात अधिक महत्त्वाचे आहे. रोटॅक्स ९१२ मालिकेची इंजिने मोटारीच्या पेट्रोलवर चालतात. शंभर अश्वशक्तीच्या ९१२ यूएलएसला किमान ९५ ऑक्टेनचे पेट्रोल लागते. परंतु इथेनॉलची मर्यादा निर्मात्याने १० टक्के ठेवली आहे, आणि आज आपल्या पंपांवर सर्रास मिळते ते २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल. उसाच्या शेतकऱ्याला त्यातून दोन पैसे मिळतात हे चांगलेच आहे, पण विमानाच्या टाकीत ते जाऊ नये. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पाण्याचे प्रमाण वाढले आणि तापमान उतरले की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन तळाशी वेगळे बसतात, आणि टाकीचा निचरा तळाशीच असतो. रबरी नळ्या, टाकीचे सीलंट आणि काही प्रकारच्या फायबरच्या टाक्या त्याने मऊ पडतात. शिवाय उन्हात उभ्या असलेल्या, नुकत्याच बंद केलेल्या इंजिनाच्या काउलिंगखाली, म्हणजे इंजिनावरील पत्र्याच्या आवरणाखाली, नळीतच इंधनाची वाफ होऊन पुरवठा अडण्याचा त्रास वाढतो.

तपासणी घरच्या घरी करता येते. काचेच्या मोजपात्रात १० मिलिलिटर पाणी घ्यावे, त्यावर १०० मिलिलिटर पेट्रोल ओतावे, झाकण लावून चांगले हलवावे आणि दहा मिनिटे स्थिर ठेवावे. तळाचा पाण्याचा थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही. तो ३० च्या जवळ गेला तर वीस टक्के मिश्रण आहे. पर्याय विमानाच्या पेट्रोलचा, म्हणजे १०० एलएलचा. इंडियन ऑइलने २०२२ पासून ते देशातच तयार करण्यास सुरुवात केली आहे. त्यात शिसे असल्यामुळे रोटॅक्सचे तेल लवकर बदलावे लागते.

इंधनाचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक चाचणी सांगतो, कारण नव्या विमानांची इंजिने हवेत बंद पडतात त्यात इंधनपुरवठ्याचा वाटा मोठा असतो. इंधन केवळ गुरुत्वाने येत असेल तर कार्बुरेटरपर्यंत पोहोचणारा प्रवाह पूर्ण ताकदीवरील खपाच्या दीडपट असावा, आणि पंप असेल तर सव्वापट. यूएलएसचा पूर्ण ताकदीवरील खप ताशी सुमारे २७ लिटर आहे. म्हणजे गुरुत्वाच्या रचनेत ताशी ४०.५ लिटर, अर्थात दहा मिनिटांत पावणेसात लिटर. ही चाचणी विमान सपाट उभे असताना करून उपयोग नाही. पुढचे चाक उंच ठेवून नाक चढाईच्या कोनात आणावे, टाकीत अगदी थोडे इंधन ठेवावे, कार्बुरेटरपाशी नळी सोडून ती कॅनमध्ये धरावी आणि घड्याळ लावावे.

मे महिन्यात सुट्टी असते. पहिले उड्डाण तेव्हा ठेवले तर?
— एक वाचक, जालना

ठेवू नये. छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० फूट उंच आहे. जालना किंवा लातूरचा विचार केला तरी चित्र फारसे बदलत नाही. प्रमाणित वातावरणात या उंचीवर तापमान ११ अंश धरलेले असते. मेच्या दुपारी ते ४० असते. फरकाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे १२० फूट या हिशेबाने २९ अंशांचे ३४८० फूट होतात, म्हणजे विमानाच्या पंखांना, पंख्याला आणि इंजिनाला ती धावपट्टी जवळपास ५४०० फुटांवर असल्यासारखी भासते. शंभर अश्वशक्तीचे इंजिन ८५ च्या आत येते, धावण्याचे अंतर दीडपटीहून अधिक होते आणि चढाईचा वेग उतरतो. त्याच धावपट्टीवर डिसेंबरच्या सकाळी १२ अंश तापमान असेल तर हिशेब २००० फुटांच्या आसपासच राहतो. मेच्या दुपारी वर वावटळी असतात त्या वेगळ्याच, आणि नवे इंजिन तसेही तापट असते. पावसाळा उघडल्यानंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सूर्योदयानंतरचा तास-दीड तास ही योग्य वेळ आहे. सुट्टी तेव्हा काढावी.

विमान मी बांधले, तर पहिल्यांदा मीच उडवावे असे वाटते. माझ्याकडे खासगी वैमानिकाचा परवाना आहे, पण गेली काही वर्षे बांधणीतच गेली. आधी धावपट्टीवर वेगाने पळवून, थोडे उचलून पाहिले तर अंदाज येईल ना? आणि वडिलांना सोबत घेता येईल का?
— एक वाचक, परभणी

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी: नाही. पहिल्या उड्डाणात, आणि चाचणीच्या संपूर्ण काळात, उड्डाणासाठी आवश्यक नसलेली कोणतीही व्यक्ती आत नसावी.

बांधणीची वर्षे उड्डाणाच्या सरावातून वजा झालेली असतात, हे आपण स्वतःच लिहिले आहे. चाचणीचा साधा नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट अनोळखी असावी. विमान अनोळखी आहे, ते बदलता येत नाही. मग वैमानिक, धावपट्टी, हवा आणि इंधन या सर्व गोष्टी पक्क्या माहितीच्या असल्या पाहिजेत. त्याच प्रकारच्या, त्याच वजनाच्या विमानावर शिक्षकासोबत पुन्हा सराव करून हात बसला असेल तर आपण अवश्य उडवावे. तसे नसेल तर त्या प्रकारचे विमान नेहमी उडवणाऱ्या अनुभवी वैमानिकाला पहिले उड्डाण द्यावे. यात मानापमान नाही.

धावपट्टीवर पळवून थोडे उचलण्याचा प्रकार मला अजिबात मान्य नाही. सावकाश टॅक्सी करून, म्हणजे विमान जमिनीवरच चालवून, ब्रेक, पुढच्या चाकाचे वळण आणि इंजिनाचे तापमान पाहावे, ते पुरेसे आहे. उड्डाणाच्या वेगाजवळ नेलेले रिकामे, हलके विमान वैमानिकाच्या मनात नसतानाही जमीन सोडते. मग समोर उरलेली धावपट्टी कमी, वेग कमी, ब्रेक आधीच्या फेऱ्यांनी तापलेले, आणि निर्णय अर्ध्या सेकंदात घ्यायचा असतो.

त्यापूर्वी जमिनीवर दोन कामे झालीच पाहिजेत. पहिले वजनाचे. समजा, तिन्ही चाके काट्यांवर ठेवून विमान समतल केले, आणि पुढच्या चाकावर ७० किलो, मुख्य चाकांवर मिळून २९२ किलो भरले. ठरवलेल्या आधाररेषेपासून पुढचे चाक ६० सेंटिमीटरवर आणि मुख्य चाके २२० सेंटिमीटरवर असतील, तर ७० गुणिले ६० अधिक २९२ गुणिले २२० याला ३६२ ने भागल्यावर गुरुत्वमध्य १८९ सेंटिमीटरवर येतो. त्यात वैमानिक आणि इंधन मिळवून पुन्हा मांडावे, आणि पहिल्या उड्डाणासाठी तो मर्यादेच्या पुढच्या अर्ध्या भागात ठेवावा. मागे गेलेला गुरुत्वमध्य विमानाला चंचल करतो. दुसरे काम नियंत्रणांच्या दिशेचे. स्टिक डावीकडे नेली की डावा एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, वर गेला पाहिजे. बाहेर उभ्या असलेल्या, बांधणीत हात नसलेल्या माणसाने आपल्या हाताने तो एलेरॉन पकडून, वैमानिकाला मोठ्याने सांगून हे तपासावे. केबल उलट जोडली गेल्याने झालेले अपघात जुन्या, अनुभवी कार्यशाळांतही घडले आहेत, कारण बांधणाऱ्याच्या डोळ्याला स्वतःचे काम नेहमी सुलटच दिसते.

धावपट्टी लांब असावी आणि तिच्या दोन्ही टोकांपुढे वस्ती नसावी. उचलल्यानंतर इंजिन गेले तर कमी उंचीवरून मागे वळायचे नाही, नाक खाली करून समोरच्या मोकळ्या रानात उतरायचे. ते रान आदल्या दिवशी पायी फिरून पाहावे, कारण गुगलच्या नकाशात विहीर आणि तारेचे कुंपण धड दिसत नाही. उड्डाणात विमानतळाच्या वर, तरंगत परत येता येईल अशा अंतरातच तीनेक हजार फूट उंची गाठावी. तिथे वेग हळूहळू कमी करून उतरण्याच्या वेगाला विमान कसे वागते ते पाहावे, काटा काय दाखवतो ते लिहून घ्यावे आणि उतरावे. वेगदर्शक पहिल्या दिवशी चुकीचा असू शकतो. म्हणून छापील आकड्यापेक्षा त्या उंचीवर प्रत्यक्ष दिसलेल्या आकड्यावर उतरण्याचा वेग ठरवावा.

पहिले उड्डाण नीट झाले, तर दुसऱ्या दिवशी गावावरून एक चक्कर मारता येईल का?
— एक वाचक, धाराशिव

दुसऱ्या दिवशी काउलिंग उतरवायचे असते. तेलाचा आणि इंधनाचा थेंब कोठे आहे, धुराड्याच्या जोडाला भेग आहे का, नळ्या कोठे घासल्या, रंगाच्या रेघा जागेवर आहेत का, हे पाहून मगच दुसरे उड्डाण करावे. अमेरिकेत हौशी बांधकामाच्या विमानांना ठरावीक क्षेत्रातच, सहसा ४० तास, आणि इंजिन-पंख्याची प्रमाणित जोडी असेल तर २५ तास चाचणीची उड्डाणे करावी लागतात. तो काळ निव्वळ तास भरण्यासाठी नसतो. प्रत्येक उड्डाणाला एकच कामाची चिठ्ठी असते: आज चढाईचा सर्वोत्तम वेग, उद्या उपग्रहावरून वेगवेगळ्या दिशांना घेतलेल्या वेगांशी वेगदर्शकाची पडताळणी, नंतर स्टॉल (वेग फार कमी होऊन पंखांची उचल सुटणे), नंतर थोडे थोडे वजन वाढवून आणि गुरुत्वमध्य मागे सरकवत त्याच चाचण्या. कमाल वेगाकडे जाताना पाच-पाच नॉटने, स्थिर हवेत आणि भरपूर उंचीवर जावे, आणि स्टिकमध्ये थरथर जाणवली की थ्रॉटल मागे घेऊन नाक हलकेच वर आणावे. यातून जमलेले आकडे म्हणजे त्या विमानाची पुस्तिका. संचासोबत आलेली पुस्तिका दुसऱ्या कोणाच्या तरी विमानावर लिहिलेली असते. आपले आकडे पूर्ण झाले, परवानगीच्या अटींत प्रवासी व क्षेत्र यांची मुभा मिळाली, आणि गावापाशी उतरण्याजोगे मोकळे रान उंचीच्या हिशेबात बसले, की ती चक्कर मारावी.