जेवायला बोलवा, पण दोन तास आधी

ताई,
माझे दोन सख्खे भाऊ गेल्या निवडणुकीपासून एकमेकांशी बोलत नाहीत. दादा एका पक्षाचा कट्टर, धाकटा बरोबर त्याच्या उलट. आधी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खटके उडायचे. मग एकदा माझ्याच घरी वाद पेटला आणि दादा धाकट्याला त्याच्या मुलीदेखत म्हणाला, "तू विकला गेलायस." धाकटा भरल्या ताटावरून उठून गेला. त्या रात्री दोघांनीही ग्रुप सोडला. आता आईला ७५ पूर्ण होतायत. तिचं एकच मागणं आहे, दोघांना एका टेबलावर जेवताना बघायचंय. सगळ्यांना घरी बोलवावं असं माझ्या मनात आहे. नवरा म्हणतो, नसती उठाठेव करू नकोस. एकत्र जेवल्यानं माणसं जवळ येतात म्हणतात, ते खरं असतं का? आणि आईला हे आधी सांगू का?
– दोघांच्या मधली

तुमच्या यजमानांचं पूर्ण चुकलेलं नाही, हे आधी सांगते. उठाठेव आहेच. पण करण्यासारखी आहे.

एकत्र जेवल्यानं माणसं जवळ येतात का? येतात, आणि अनोळखी माणसंसुद्धा येतात. केटलिन वूली आणि आयलेट फिशबाख या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २०१९ मध्ये याबद्दलचे प्रयोग प्रसिद्ध केले. दोघादोघांच्या जोड्या करून त्यांना खायला दिलं, काहींना एकाच भांड्यात, काहींना वेगवेगळ्या. मग एकाला मालकाच्या बाजूनं आणि दुसऱ्याला कामगारांच्या बाजूनं पगाराची बोलणी करायला लावली. एका भांड्यातून खाल्लेल्यांचा त्या खेळातला संप सरासरी ९ दिवसांत मिटला, वेगळं खाल्लेल्यांना १३ दिवस लागले. खायचं सगळ्यांनी सारखंच होतं. फरक इतकाच, की एका भांड्यातून घेताना समोरच्याचा हात कुठे आहे, त्याला पुरेल ना, याचा विचार करावा लागतो.

पण त्या खोलीत कुणी कुणाला मुलीदेखत विकाऊ म्हटलेलं नव्हतं. आणि वाद खरा, ताजा आणि घरातला असला की जेवणाचं काय होतं, तेही मोजलं गेलंय. २०१६ ची अमेरिकेतली अध्यक्षपदाची निवडणूक होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते आणि थँक्सगिव्हिंग आलं. त्या दिवशी तिकडे सगळं कुटुंब एकत्र जेवतं. कीथ चेन आणि रायन रोहला या संशोधकांनी एक कोटीहून जास्त मोबाइल फोन कुठे किती वेळ होते याची निनावी माहिती तपासली. विरोधी पक्षाला मतं देणाऱ्या भागात जेवायला गेलेले लोक, आपल्यासारख्याच भागात गेलेल्यांपेक्षा ३० ते ५० मिनिटं लवकर उठले. जिथे प्रचाराच्या जाहिरातींचा मारा जास्त झाला होता, तिथे तर आणखी लवकर. म्हणजे लोक गेले, बसले, जेवले आणि शेवटचा घास घशाखाली जाताच निघाले. नुसतं ताट समोर ठेवलं तर तुमच्याकडेही एवढंच होईल.

मग जमतं कधी? याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला एका जुन्या प्रयोगात दिसतं. १९५४ चा उन्हाळा, ओक्लाहोमामधलं एक शिबिर. मुझफ्फर शरीफ या मानसशास्त्रज्ञानं साधारण अकरा वर्षांची २२ मुलं दोन गटांत विभागली, रॅटलर्स आणि ईगल्स. बक्षिसं लावून त्यांच्यात सामने ठेवले. काही दिवसांतच एकमेकांचे झेंडे जाळणं, खोल्यांवर धाडी घालणं इथवर मजल गेली. (मुलांना अंधारात ठेवून असले खेळ आज कुणी चालवून घेणार नाही, आणि ते योग्यच आहे.) मग शरीफनं समेटाचा प्रयत्न सुरू केला. सुरुवातीच्या उपायांपैकी एक होता तुमच्या मनात आहे तोच. दोन्ही गटांना एका भोजनगृहात, एकाच वेळी जेवायला बसवलं. पोरांनी एकमेकांवर अन्न फेकलं. सोबतीला तोंडी लावायला शिव्या.

गाडी रुळावर आली ती वेगळ्याच कारणानं. शिबिराचं पाणी बंद पडलं (अर्थात मुद्दाम पाडलेलं), आणि नळाचा बिघाड शोधायला दोन्ही गटांना एकत्र राबावं लागलं. नंतर जेवण आणायला जाणारा ट्रक सुरूच होईना. रस्सीखेचीत एकमेकांविरुद्ध ओढलेला दोर मुलांनी ट्रकला बांधला आणि सगळ्यांनी मिळून एकाच बाजूला ओढला. असं दोनचारदा झाल्यावर जेवणाच्या वेळचं वातावरण बदललं. एकत्र स्वयंपाक, एकत्र खाणं, आणि परत जाताना सगळे एकाच बसमध्ये, तेही मुलांच्याच हट्टावरून. वाटेत रॅटलर्सनी बक्षिसाचे ५ डॉलर सगळ्यांच्या पेयांवर उडवले.

जेवण तेच, पोरं तीच. मध्ये एक असं काम होऊन गेलं होतं, जे कुठल्याही एका गटाला एकट्यानं झेपलं नसतं.

म्हणून माझं ऐका. दोघांना जेवायला बोलवू नका, जेवणाच्या दोन तास आधी बोलवा, आणि हाताला काम द्या. काम असं, की दोन माणसं लागतीलच. माळ्यावरचं मोठं टेबल खाली काढायचं असेल तर एकानं वरून द्यायचं, दुसऱ्यानं खालून झेलायचं. "जरा डावीकडे घे", "सोड आता", "थांब, पाय अडकलाय" एवढं तरी बोलावंच लागतं. गेल्या कित्येक महिन्यांतलं त्यांचं पहिलं बोलणं हे असू द्या. त्यात कुठलाही पक्ष नाही आणि कुणाची माघारही नाही. दोघं समोरासमोर नसतात, दोघांची नजर टेबलाकडे असते. अबोला धरलेल्या पुरुषांना हे फार सोयीचं पडतं. जड पातेलं उतरवणं, आईची खुर्ची वरच्या मजल्यावर नेणं, खुर्च्या कमी पडल्या म्हणून शेजारून आणणं, तुमच्या घरात काय निघेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक.

अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरातल्या अग्निशमन केंद्रांवरचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या तुकड्या एकत्र जेवतात त्यांचं काम जास्त चांगलं होतं, असं त्यात आढळलं. पण तिथलं 'एकत्र जेवणं' म्हणजे काय आणायचं ते ठरवणं, आणणं, शिजवणं आणि नंतर भांडी घासणं, सगळं आलं. आपल्याकडे बरेचदा यातलं पहिलं आणि शेवटचं बाईच्या वाट्याला येतं, आणि पुरुषांच्या वाट्याला येते ती फक्त चर्चा. वाद पेटायला रिकामा वेळ आणि रिकामे हात पुरतात. तेव्हा त्या दिवशी सगळं एकटीनं करून दमू नका. जेवणानंतरची आवराआवरही भावांवर सोपवा.

आता जरा अवघड गोष्ट. तुम्ही लिहिलंय की भाऊ राजकारणावरून बोलत नाहीत. पत्र पुन्हा वाचून बघा. ग्रुपवर ते किती दिवस भांडत होते, तरी तुमच्याकडे जेवायला येत होते ना? ताटावरून उठायला लावलं ते एका वाक्यानं, आणि ते मुलीदेखत होतं म्हणून. मत वेगळं असणं आणि मत विकलेलं असणं यात फार अंतर आहे. पहिल्यावर भांडता येतं. दुसऱ्यात समोरच्याच्या बोलण्याला उत्तर देण्याची गरजच उरत नाही, त्याची लायकीच काढलेली असते. ही जखम जेवणानं भरत नाही. उलट त्यावर काहीच न बोलता जेवण वाढलं तर धाकट्याला वाटेल, झालं गेलं गिळून टाक असं सगळं घर मला सांगतंय.

म्हणून आधी दादाला भेटा. फोनवर नको, प्रत्यक्ष. त्याचा पक्ष, त्याचा नेता, त्याची मतं यातलं काहीही काढू नका, नाहीतर तासभर तेच ऐकत बसाल. एवढंच म्हणा, "दादा, तुझं मत तुझ्यापाशी. पण ते एक वाक्य पोरीनं ऐकलंय. ते तेवढं मागे घे." ते मागे घेणं जेवणाच्या आधी व्हायला हवं, आणि दोघांतच, तुमच्या सगळ्यांच्या देखत नको. वहिनींना विश्वासात घ्या. आतल्या खोलीतला दादा त्यांना तुमच्याहून जास्त माहीत असतो. आणि दादा नाहीच म्हणाला, तर धाकट्याला खरं सांगून त्याचं त्याला ठरवू द्या. "दादा येणार नाहीये" असं खोटं सांगून त्याला आणायचा विचार मनात आला असेल तर सोडून द्या. फसवून बसवलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

या जेवणातून मागायचं किती, तेही ठरवून ठेवा. १७९० च्या जूनमध्ये अमेरिकेचा तेव्हाचा परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसननं अर्थमंत्री हॅमिल्टन आणि संसदेतला नेता मॅडिसन यांना घरी जेवायला बोलावलं. त्या टेबलावर ठरलं, की राज्यांची कर्जं केंद्र सरकारनं आपल्या अंगावर घ्यावीत आणि त्या बदल्यात राजधानी दक्षिणेकडे पोटोमॅक नदीकाठी जावी. आजचं वॉशिंग्टन तिथेच आहे. सौदा पक्का झाला. मनं मात्र जुळली नाहीत. पुढच्या काही वर्षांत हीच माणसं एकमेकांविरुद्ध दोन पक्ष उभे करून भांडत होती. एका जेवणानं दादा किंवा धाकटा पुढच्या वेळी वेगळं बटण दाबेल, अशी आशा धरू नका, आणि त्याची गरजही नाही. दोघांनी एकमेकांच्या घरी पुन्हा जायला लागावं, इतकंच मागा.

बाकी बारीकसारीक. त्या दिवशी टीव्हीवर बातम्या नकोत. दोघांना समोरासमोर बसवू नका, एकाच बाजूला बसवा, मध्ये मुलांपैकी कुणी. वाढून ताटं समोर ठेवण्यापेक्षा भांडी मध्ये ठेवा, म्हणजे "जरा इकडे सरकव" म्हणावं लागेल. विषय निघालाच तर घाबरून जाऊ नका, जरा भांडू द्या. राजकारणावर बोलायचंच नाही असा नियम केलात तर दोघं गप्प बसतील आणि आई त्या गप्पपणाकडे बघत जेवेल. माणसावर घसरले की मात्र तिथेच थांबवा, आणि हे काम तुमच्या यजमानांना द्या. उठाठेव म्हणत होते ना, आता थोडी त्यांनाही करू दे. दोघांना शेजारी उभं करून फोटो काढायची घाई नको, आणि काढलाच तर ग्रुपवर टाकू नका.

आईंना सांगायचं का? सांगा, पण "दोघं येतील" असं नको. "दोघांना बोलावलंय" एवढंच सांगा. एक आला आणि एक नाही, तरी जेवण ठरल्या वेळीच सुरू करा. न आलेल्याचा डबा भरून ठेवा आणि जो आला असेल त्यालाच पोचवायला सांगा.