उघडपणे समलिंगी असलेल्या व्यक्तीला ज्यू धर्मात रब्बी, म्हणजे धर्मगुरू, होता येतं का?

हो, बहुतेक पंथांत होता येतं; मुख्य प्रवाहातल्या ऑर्थोडॉक्स (सनातनी) संस्था मात्र अजून दार उघडत नाहीत. अमेरिकेतल्या उदारमतवादी पंथांपैकी रिकन्स्ट्रक्शनिस्टांच्या रब्बी महाविद्यालयाने १९८४ मध्ये परवानगी दिली, रिफॉर्म पंथाने १९९० मध्ये. खरी गंमत मधल्या, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाची. डिसेंबर २००६ मध्ये त्यांच्या धर्मशास्त्र समितीपुढे मोकळीक देणारा आणि मनाई करणारा असे दोन्ही निर्णय मताला आले. मतदार २५, आणि दोन्हींना १३-१३ मतं, कारण एकाने दोन्ही बाजूंना मत दिलं! नियमानुसार दोन्ही वैध ठरले. कुठला पाळायचा हे ज्या त्या रब्बीवर सोडलं. (वाद मिटवण्यापेक्षा दोन्ही मतं जपून ठेवणं ही तल्मूदचीच, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या प्राचीन ग्रंथाचीच, रीत.) २००७ मध्ये या पंथाचे रब्बी घडवणाऱ्या न्यूयॉर्कच्या ज्युइश थिऑलॉजिकल सेमिनरीने समलिंगी विद्यार्थ्यांना प्रवेश खुला केला. एक लक्षात घ्या: मोकळीक देणाऱ्या त्या निर्णयानेही बायबलमधल्या लेवीय १८:२२ या वचनाचा आधार घेत पुरुषांमधल्या गुदसंभोगाची मनाई कायम ठेवली. सैल केले ते बायबलनंतरच्या काळात रब्बींनी घातलेले निर्बंध, आणि तेही मानवी प्रतिष्ठेच्या तत्त्वावर.