फुलमेटल अल्केमिस्टची २००३ ची मालिका आधी पाहावी की २००९ ची ‘ब्रदरहूड’?

या दोन जपानी अ‍ॅनिमेशन मालिकांपैकी एकच पाहणार असाल तर ‘ब्रदरहूड’ पाहावी. दोन्ही पाहण्याची तयारी असेल तर मात्र २००३ ची आधी पाहावी. हे मत मूळ मांगा (जपानी चित्रकथा) वाचून आणि दोन्ही मालिका पूर्ण पाहून बनलेले आहे. हिरोमू अराकावा यांची मांगा २००१ ते २०१० या काळात प्रसिद्ध होत होती, त्यामुळे बोन्स स्टुडिओने २००३ मध्ये ५१ भागांची पहिली मालिका काढली तेव्हा कथा अपुरीच होती आणि उत्तरार्ध स्वतंत्रपणे रचावा लागला. याच स्टुडिओची ६४ भागांची ‘ब्रदरहूड’ मात्र मूळ कथेला शेवटापर्यंत धरून चालते. चाहत्यांतील जुना वाद येथूनच सुरू होतो. ज्यांना विस्तीर्ण कथानक आणि सर्व धागे जुळवणारा शेवट हवा असतो ते ‘ब्रदरहूड’च्या बाजूने बोलतात, तर अपराधभाव, शोक आणि संथ उलगडा ज्यांना मोलाचा वाटतो ते पहिलीला सोडत नाहीत, आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही. मेस ह्यूज या सहायक पात्राच्या बाबतीतील निर्णायक प्रसंग पहिल्या मालिकेत २५ व्या भागात येतो, ‘ब्रदरहूड’मध्ये तो १० व्याच भागात उरकतो, साहजिकच पहिल्या मालिकेत त्या पात्राशी जडलेली जवळीक अधिक खोल असते. फक्त एक लक्षात घ्यावे, २००३ च्या मालिकेचा शेवट काहीसा अधांतरी आहे आणि तिची कथा २००५ च्या चित्रपटात पूर्ण होते.