वय पटवण्यासाठी ऍपला आधारचा फोटो द्यावा का?

पंधरा वर्षांच्या मुलीच्या चॅट ऍपनं वय पटवायला आधारचा फोटो किंवा सेल्फी मागितलाय, काय करू, असं तुम्ही विचारलंय. आधारचा फोटो देऊ नका. सेल्फीसुद्धा तो कुठे जातो हे वाचल्याशिवाय नको.

ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या चॅट ऍपनं जाहीर केलं की जवळपास ७०,००० जणांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो चोरट्यांच्या हाती लागले असावेत. हे फोटो कुणी हौसेनं टाकलेले नव्हते. वयाबद्दलची तक्रार सोडवून घ्यायला पुरावा म्हणून ते द्यावे लागले होते, आणि फुटले ते ग्राहकसेवा सांभाळणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडून. ज्या ऍपवर विश्वास टाकून कार्ड दिलं, ते तिथेच राहील याची खात्री नाही.

‘मास्क्ड आधार द्या’ असं बरेच जण सांगतात. ती पीडीएफ एकदा नीट उघडून बघा. आधार क्रमांकाचे पहिले आठ आकडे झाकलेले असतात. नाव, जन्मतारीख, फोटो, पत्ता मात्र जसाच्या तसा. शाळकरी मुलीच्या घरचा पत्ता अनोळखी सर्व्हरवर कशाला?

सेल्फीवरून सॉफ्टवेअर वयाचा फक्त अंदाज बांधतं. अकरा की तीस हे त्याला कळतं, सतरा की अठरा इथे ते अडखळतं आणि मग पुन्हा कार्डच मागितलं जातं.

मला संताप येतो तो याचा, की ऍपला एवढंच कळायला हवं असतं की वय पुरेसं आहे की नाही. त्यासाठी सगळी कुंडली कशाला? नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या आपल्या डेटा संरक्षण नियमांत डिजिलॉकरसारख्या सेवेच्या टोकनवरून, म्हणजे कार्डाऐवजी दिलेल्या डिजिटल खुणेवरून, पालकाचं वय आणि ओळख पडताळायची सोय दिली आहे. (आपल्या कायद्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण मूल, म्हणून संमती पालकाची.) पण ही कलमं लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे आणि तोवर कंपन्या सोपं पडेल तेच मागत राहणार.

सध्या तरी पालकाच्या अकाउंटवरून परवानगी देता येते का, ते सेटिंग्जमध्ये शोधा. तशी सोय नसेल तर हे अकाउंट एवढं हवंच आहे का, ते मुलीशी बसून बोला. कार्ड आधीच अपलोड झालं असेल तर सपोर्टला मेल करा, फोटो कुठल्या कंपनीकडे गेला ते विचारा, डिलीट करायला सांगा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा.