विरेचन, रेचक आणि जुलाब

प्रश्न असा: पुण्यातल्या एका पंचकर्म (आयुर्वेदातले शरीरशुद्धीचे पाच उपचार) चिकित्सालयाच्या पत्रकात ‘विरेचन (जुलाब)’ असे छापले आहे. हा कंस बरोबर आहे का? आणि ‘रेचक’ व ‘सारक’ यांत फरक काय?

कंस काढावा. ‘जुलाब’ हा मुळात फारसी ‘गुलाब’, म्हणजे गुलाबपाणी. अरबीत तो ‘जुलाब’ झाला आणि त्याचा अर्थ गोड पाक, सरबत असा होता. पुढे औषधालाच ते नाव चिकटले. मराठीत त्याचे दोन अर्थ आहेत आणि ते क्रियापदावरून कळतात: जुलाब ‘घेतला’ तर औषध, जुलाब ‘लागले’ किंवा ‘झाले’ तर तक्रार. पत्रक वाचणाऱ्याच्या डोक्यात पहिल्यांदा येते ती तक्रारच.

‘विरेचन’ रिच् धातूपासून आला: रिकामे करणे. त्यात पोट, शौच यांचा उल्लेखच नाही. म्हणून तर नस्याला, म्हणजे नाकातून औषध देण्याला, ‘शिरोविरेचन’ म्हणता येते. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथाच्या कल्पस्थान या भागात वरून, म्हणजे उलटीने, दोष काढणे ते वमन, खालून काढणे ते विरेचन असे सांगून लगेच म्हटले आहे की मळ बाहेर काढतात म्हणून दोघांनाही विरेचन म्हणता येते. नाट्यचर्चेत ‘भावनांचे विरेचन’ बिनदिक्कत लिहितात. तिथे कंसात जुलाब घालून पाहा!

शिवाय वैद्य ‘विरेचन’ म्हणतात तेव्हा औषधाचा एक डोस एवढेच त्यांच्या मनात नसते. आधी दीपन-पाचन, म्हणजे भूक आणि पचन सुधारणारी औषधे, मग कोष्ठ (पोट किती सहज साफ होते ती प्रकृती) पाहून 3 ते 7 दिवस चढत्या मात्रेत औषधी तूप, त्यानंतर तीन दिवस अभ्यंग-स्वेदन, म्हणजे तेलाचे मालिश व शेक, आणि हलका आहार. मग कफाचा काळ, म्हणजे सकाळचा पहिला भाग, सरल्यावर विरेचनाचे औषध. त्या दिवशी ‘वेग’ मोजतात. इथला वेग म्हणजे गती नव्हे, एकेका वेळची प्रवृत्ती. पहिले दोन-तीन वेग मळाचे म्हणून सोडायचे, तिथून पुढचे वहीत मांडायचे. शेवटी कफ पडू लागला की शुद्धी झाली असे धरतात. 30 वेग म्हणजे प्रवर (उत्तम) शुद्धी, 20 मध्यम, 10 अवर (कमी). त्यानुसार 7, 5 किंवा 3 दिवस पेया (पातळ पेज), विलेपी (घट्ट पेज), यूष (डाळीचे कढण) असा संसर्जनक्रम, म्हणजे हळूहळू नेहमीच्या जेवणावर येणे. घोटाळा बहुधा इथेच होतो: बरे वाटले म्हणून दुसऱ्याच दिवशी मिसळ, आणि मंदावलेला अग्नी, म्हणजे पचनशक्ती, आणखी बसतो. मृदू कोष्ठाच्या (सहज पोट साफ होणाऱ्या) माणसाला क्रूर कोष्ठाची (कष्टाने साफ होणाऱ्याची) मात्रा दिली तर अतियोग, म्हणजे प्रमाणाबाहेर शुद्धी: तहान, ग्लानी, चक्कर, प्रसंगी रक्त. गर्भिणी, नवज्वर (नुकताच आलेला ताप) असलेला, फार अशक्त माणूस यांना हे वर्ज्य. म्हणून जुलाबाची गोळी आणून घरी ‘विरेचन’ उरकता येत नाही.

आता रेचक-सारक. बोलीत ‘सारक’ म्हणजे सौम्य, पोट साफ ठेवणारे. ‘रेचक’ म्हणजे जोरकस. शार्ङ्गधर या जुन्या आयुर्वेद ग्रंथकाराने याहून बारीक चार पायऱ्या केल्या आहेत. मळ पचवून खाली नेते ते अनुलोमन, उदाहरण हिरडा. न पचवताच खाली सरकवते ते स्रंसन: बहावा, म्हणजे त्याच्या शेंगेतला काळा चिकट मगज. घट्ट झालेला मळ फोडते ते भेदन: कुटकी. पक्व-अपक्व सगळे पातळ करून काढते ते रेचन: निशोत्तर. काष्ठौषधीच्या दुकानात हे चारही ‘पोट साफ करायचे औषध’ म्हणून एकाच दमात मागितले जातात, पण मराठी लेखनात तरी हिरड्याला रेचक म्हणू नये.

प्राणायामातला ‘रेचक’ही रिच् धातूचाच: पूरकाने भरलेला श्वास रिकामा करणे. पण त्याचा औषधाशी संबंध नाही.

पत्रकात कंस हवाच असेल तर ‘विरेचन (औषधाने करवलेली कोष्ठशुद्धी)’ असे लिहावे.